चतुर्दशीचं पान

काल शनिवारी, भाद्रपद वद्य चतुर्दशीला, आईने तिच्या भावाचा म्हाळ घातला. खरं तर तो तिने घालायचा नाही. आधी आजोबा घालायचे, मग मोठे मामा. आजोबा गेले, मोठे मामा गेले, त्यांची मुलं नोकरीसाठी बाहेर पडली आणि कोरेगाव तालुक्यातल्या त्या घराला कुलूप लागलं. तेव्हापासून, म्हणजे गेली 11 वर्षं, आई पुण्यात आमच्या स्वयंपाकघरात हे पान वाढते. शास्त्रात बसतं का, असं तिने कुठल्या गुरुजींना विचारलेलं नाही.

खीर, वडे, अळूची भाजी, गवार, आमसुलाची चटणी. आणि पानाच्या कडेला हिरव्या मिरचीचा खर्डा. खर्डा पितरांच्या पानावर कुणी वाढत नाही, पण धाकट्या मामाचा घास त्याशिवाय उतरायचा नाही म्हणे. मी मामाला पाहिलेलं नाही. तो गेला 1971 च्या डिसेंबरात आणि माझा जन्म 1972 चा.

बाकीच्या पितरांचे म्हाळ ज्याच्या त्याच्या तिथीला. मामाचा मात्र चतुर्दशीला, कारण शस्त्राने मेलेल्यांची ती तिथी आहे. पंचांगात त्या दिवसापुढे बारीक अक्षरात 'शस्त्रादिहत पितृश्राद्ध' असं छापलेलं असतं. लहानपणी मी तो शब्द अडखळत वाचला होता आणि आजोबांनी फोड करून सांगितली होती. शस्त्र, आदी, हत. हत्यारानं किंवा तसल्याच कशानं मारलेला. आजोबा चौथी शिकलेले होते.

माझं कामच शब्द तपासायचं आहे. एका वर्तमानपत्राच्या जाहिरात विभागात मी 27 वर्षं मुद्रितं वाचते. त्यातही माझ्या वाट्याला मुख्यतः छोट्या जाहिराती येतात. जागा भाड्याने देणे आहे, नावात बदल, आणि सगळ्यात जास्त निधनवार्ता आणि पुण्यस्मरणं. 'दुःखद निधन', 'दशक्रिया विधी', 'प्रथम पुण्यस्मरण', 'शोकाकुल', खाली नातेवाइकांची यादी. नाव, वय, फोटो. फोटो उलटा जाऊ नये, 'कै.' राहू नये, तिथी आणि तारीख जुळावी, जावयाचं नाव सुटू नये. निधनाच्या जाहिरातीत चूक झाली तर दुसऱ्या दिवशी येऊन कुणी भांडत नाही. माणसं काउंटरवर नुसती उभी राहतात, कापलेला कागद पुढे धरून. म्हणून मी त्या जाहिराती तीनदा वाचते.

या वर्षी, 2025 च्या 10 मेला, शनिवारी संध्याकाळी, मी कामावर होते. सव्वापाच-साडेपाचच्या सुमारास आधी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचा संदेश आला आणि मग सहाच्या आसपास आपल्या परराष्ट्र सचिवांनी सांगितलं की पाच वाजल्यापासून जमिनीवर, हवेत आणि समुद्रात गोळीबार व लष्करी कारवाई थांबवायचं भारत-पाकिस्तान दोन्ही बाजूंनी ठरलं आहे. शेजारच्या संपादकीय विभागात एकदम आवाज झाला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी चिडून खुर्ची सरकवली. मग वाद सुरू झाला की शब्द कुठला घ्यायचा. 'युद्धविराम' म्हणावं तर युद्ध जाहीरच झालेलं नव्हतं. 'शस्त्रसंधी' म्हणावं तर संधी, म्हणजे तह, झालेला नाही, दोन लष्करी अधिकाऱ्यांचं फोनवर बोलणं झालंय. शेवटी 'शस्त्रसंधी' गेलं. आणि रात्री पानं सुटायच्या आत श्रीनगरवर, जम्मूवर पुन्हा ड्रोन दिसल्याच्या, स्फोटांच्या बातम्या आल्या, तेव्हा त्याच मथळ्यात पुन्हा फेरफार झाला. मी माझ्या कोपऱ्यात बसून एका निवृत्त शिक्षिकेच्या पुण्यस्मरणाची तारीख पंचांगाशी जुळवत होते. तिच्यात काही बदलायचं नव्हतं.

घरी पोचले तेव्हा साडेअकरा वाजून गेले होते. आई जागी होती. टीव्हीचा आवाज बंद केलेला, चित्र नुसतं हलत होतं. मी म्हटलं, "आई, थांबलं बघ." ती म्हणाली, "थांबलं म्हंजी आता तारा सुटतील."

हे तिचं वाक्य कळायला मामाची गोष्ट सांगायला हवी. 17 डिसेंबर 1971 ला पश्चिम आघाडीवरही लढाई थांबली. त्याच्या आदल्या दिवशी ढाक्यात शरणागती झाली होती. आकाशवाणीवर बातमी आल्यावर मामाच्या गावात, जिथून घरटी एक माणूस फौजेत असे, चावडीपुढे पेढे वाटले गेले. आजीने देवापुढे साखर ठेवली. मामा जम्मू-काश्मीरमध्ये पूंछच्या बाजूला होता एवढंच घरी माहीत होतं, आणि आता लढाईच थांबली म्हणजे पोरगं सुखरूप, असा सरळ हिशेब. आई तेव्हा बाळंतपणासाठी माहेरी आलेली, पोटात मी. दोन दिवसांनी तार आली. मामा लढाई थांबायच्या आधीच गेलेला होता. तार बातमीच्या मागून आली, इतकंच. आजीचं पुढचं सगळं आयुष्य त्या साखरेपाशी अडकलं. पोरगा मरून पडलेला आणि मी देवापुढे साखर ठेवली, हे ती शेवटपर्यंत म्हणायची. नंतर मामाची काळी ट्रंक आली. देह आला नाही. तेव्हा येत नसत.

म्हणून आईला लढाई थांबल्याच्या बातमीने आनंद होत नाही. तिला वाटतं, आता मोजदाद होईल.

*

22 एप्रिलला पहलगामच्या बैसरन कुरणावर 26 माणसं मारली गेली. पुरुषांना बाजूला काढून, धर्म विचारून, बायकामुलांसमोर. त्यात 6 जण महाराष्ट्रातले होते. डोंबिवलीचे तीन, पुण्याचे दोन, पनवेलचे एक. त्या 26 जणांत एक तिथलाच घोडेवाला होता, मुसलमान, पर्यटकांना वाचवायला पुढे झालेला. पुण्याच्या दोघांवर 24 एप्रिलला वैकुंठात अंत्यसंस्कार झाले. आमचं घर तिथून फार लांब नाही. मी सकाळी कोपऱ्यापर्यंत गेले होते. गर्दी होती, घोषणा होत्या, फुलं लावलेली गाडी होती. माझ्या शेजारी एक भाजीवाली उभी होती, तिने पाटी खाली ठेवून हात जोडले आणि गाडी गेल्यावर एकदम मला विचारलं, "ताई, नाव काय होतं हो त्यांचं?" मी सांगितलं. तिने दोन्ही नावं पुन्हा पुटपुटली, जशी पोथीतली ओळ म्हणतात तशी, आणि पाटी उचलली.

मी ती नावं इथे लिहीत नाही. वाचणाऱ्या सगळ्यांना ती माहीत आहेत. पण आमच्याकडे जाहिरातीच्या अर्जावर खाली एक रकाना असतो, मजकूर देणाऱ्याचं मयताशी नातं आणि सही. ती असल्याशिवाय आम्ही गेलेल्या माणसाचं नाव छापत नाही. हा नियम मला नेहमी योग्य वाटत आला आहे. एप्रिल-मेमध्ये या सहा घरांतल्या माणसांची नावं किती जणांनी, किती कामांसाठी वापरली, ते आपण पाहिलं. चौकाचौकात श्रद्धांजलीचे फ्लेक्स लागले. त्यांवर गेलेल्यांचे फोटो पोस्टाच्या तिकिटाएवढे आणि श्रद्धांजली वाहणाऱ्याचा चेहरा पुरुषभर. एका फ्लेक्सवर नावच चुकलं होतं. मी रिक्षा थांबवून उतरले, खाली ज्या मंडळाचा नंबर होता त्यावर फोन केला. पलीकडचा मुलगा भला होता, म्हणाला, "सॉरी मॅडम, उद्या बदलतो." दुसऱ्या दिवशी फ्लेक्सच उतरवलेला होता. बदललेला लागला नाही.

रोज कामावर जाताना मी म्हात्रे पुलावरून मुठा ओलांडते. लग्न होऊन या भागात आले तेव्हापासून ते नाव माझ्या पत्त्यात आहे. "म्हात्रे पुलाजवळ" म्हटलं की पुण्यात सगळ्यांना डीपी रस्त्यावरची लॉन्स आठवतात, लग्नपत्रिकांवर छापलेली. म्हात्रे कोण, असं मी एकदा ज्यांच्या रिक्षातून नेहमी जाते त्या काकांना विचारलं. ते म्हणाले, असतील कुणी जुने नगरसेवक.

रवींद्र म्हात्रे बर्मिंगहॅममधल्या भारतीय कचेरीत राजनैतिक अधिकारी होते. 3 फेब्रुवारी 1984 ला, शुक्रवारी, ते संध्याकाळी बसमधून घराजवळ उतरले. मुलीचा वाढदिवस होता आणि हातात केक होता. तिथून त्यांना पळवून नेलं गेलं. काश्मीर लिबरेशन आर्मी म्हणवणाऱ्यांनी तिहारमध्ये फाशीची शिक्षा झालेल्या मकबूल भटची सुटका आणि 10 लाख पौंड मागितले. दोन दिवसांनी म्हात्र्यांचा गोळ्या घातलेला मृतदेह लेस्टरशायरमध्ये हिंकलीजवळच्या एका आडरस्त्यावर सापडला. 11 फेब्रुवारीला मकबूल भटला फाशी दिली गेली. ज्या न्यायाधीशांनी त्याला ती शिक्षा सुनावली होती, त्या नीलकंठ गंजूंना 1989 च्या नोव्हेंबरात श्रीनगरमध्ये भर रस्त्यात मारलं. मग खोऱ्यातले पंडित बाहेर पडले, मग हजारो माणसं मेली, कुणाकुणाच्या हातून. एका घरी न पोचलेल्या केकपासून ही साखळी सुरू झाली असं मी म्हणणार नाही. ती त्याच्या आधीची आहे. पण मला ती तिथून आठवते.

तेव्हा मी 11-12 वर्षांची होते. साताऱ्यात आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, जेवायच्या आधी पेपर मोठ्याने वाचायचे. केकची ओळ त्यांनी वाचली आणि ते थांबले. आमच्या घरात तोवर वाढदिवसाला केक आलेला नव्हता. औक्षण आणि शिरा. मला त्या मुलीबद्दल फार वाटलं. दार उघडून उभी असेल, असं सारखं डोळ्यांपुढे यायचं. त्या वर्षी माझ्या वाढदिवसाला अण्णा मुद्दाम केक घेऊन आले, पोवई नाक्यावरून, डब्याला सुतळी बांधून. मी खाल्ला नाही. का नाही ते त्यांनी विचारलं नाही. त्यांना बहुतेक कळलं होतं.

मे महिन्यात त्या पुलावरून जाताना मला सारखी धास्ती वाटायची की या सहा जणांचंही असंच होणार. एखाद्या चौकाला, उद्यानाला, उड्डाणपुलाला नाव मिळेल, तेही मिळायलाच हवं, पण 40 वर्षांनी रिक्षावाले काका म्हणतील, असतील कुणी. जर्मन बेकरीचंही मी पाहिलंय. 13 फेब्रुवारी 2010, 17 माणसं. पहिल्या वर्षी पुण्यस्मरणाची जाहिरात माझ्या टेबलावरून गेली होती. पाचव्या वर्षी एक अर्ज आला. आता येत नाही. घरात आठवण नसेल असं नाही. पण छापायला पैसे लागतात, आणि माणसं म्हातारी होतात.

*

6-7 मेच्या मध्यरात्रीनंतर आपल्या सैन्याने सीमेपलीकडच्या नऊ ठिकाणांवर हल्ले केले. त्याच पहाटे पलीकडून तोफांचा मारा सुरू झाला आणि तो सगळ्यात जास्त पडला पूंछ शहरावर. मामाच्या पूंछवर. डझनाहून जास्त सामान्य माणसं तिथे मेली. त्यांत 12 वर्षांची जुळी भावंडं होती, एक मुलगा आणि एक मुलगी. गुरुद्वाऱ्यात कीर्तन करणारे एक भाई होते. आणि एका मदरशात शिकवणारे एक शिक्षक होते. त्या शिक्षकांचा फोटो काही वृत्तवाहिन्यांनी ठार झालेला दहशतवादी म्हणून दाखवला. पूंछ पोलिसांना लेखी खुलासा करावा लागला की हे आपले नागरिक आहेत, शत्रूच्या तोफगोळ्याने गेलेत.

ही बातमी मी कामावर वाचली आणि माझे हात थंड पडले. 27 वर्षांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली आहे. एका बाईंच्या निधनाच्या जाहिरातीत दुसऱ्याच बाईंचा फोटो गेला, आणि त्या दुसऱ्या बाई जिवंत होत्या. दोन्ही घरी मी स्वतः गेले, पाया पडले. तरी अजून रात्री कधी तरी जाग येते. आणि इथे एक माणूस स्वतःच्या गावात मरतो, त्याच्या बायकोच्या हातातल्या फोनवर तो खुनी म्हणून दिसतो, आणि ज्यांनी दाखवलं ते पुढच्या बातमीकडे जातात. मला हा दुसरा खून वाटला. हा शब्द मी तोलून वापरते आहे.

पलीकडेही माणसं मेली. पाकिस्तानने 40 नागरिकांचा आकडा दिला. त्यांच्यातली लेकरं कोण होती, कुठल्या इयत्तेत होती, हे माझ्यापर्यंत पोचलं नाही आणि मी शोधलंही नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही.

आमच्याकडे गेली 14 वर्षं एक शालवाला येतो. दिवाळीनंतर येतो, थंडीभर पेठांतून फिरतो आणि होळीच्या आधी परत जातो. तो कर्नाहचा. कुपवाडा जिल्ह्यात साधना खिंडीच्या पलीकडे, टंगधारच्या बाजूला, अगदी नियंत्रण रेषेला लागून त्याचं गाव आहे. पहिल्या वर्षी आईने त्याला दारातच "कुठला रे बाबा तू" विचारलं, त्याने सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, पूंछ तुझ्या गावापासून किती लांब? त्याने सांगितलं, डोंगर मध्ये आहेत माताजी, फार लांब. तरी तेव्हापासून तो तिच्या लेखी मामाच्या पूंछकडचा माणूस आहे. तिच्याकडे त्याच्या सात शाली आहेत. पुण्यात एवढी थंडी नसते.

पहलगामनंतर दोन दिवसांनी त्याचा फोन आला. तो रडत होता. "दीदी, आप लोग ठीक हो ना? पुणे का नाम सुना." त्याने माझी माफी मागितली. कशाची मागतोस, असं मी म्हटलं, तर म्हणाला, हमारी ज़मीन पर हुआ. माझ्याच्याने पुढे बोलवेना. फोन आईने घेतला.

मग 7 मे ते 10 मे त्याचा फोन लागला नाही. 11 तारखेला लागला. चार रात्री ते सगळे घराशेजारच्या बंकरमध्ये होते, 19 माणसं. 2021 च्या फेब्रुवारीत दोन्ही सैन्यांनी पुन्हा शस्त्रसंधी पाळायचं ठरवलं, तेव्हापासून चार वर्षं तिथे एवढं शांत होतं की बंकरमध्ये त्यांनी मका आणि सरपण भरून ठेवलं होतं. 7 तारखेच्या पहाटे अंधारात आधी सरपण बाहेर फेकावं लागलं, मग पोरं आत घेतली. त्याच्या घराच्या एका बाजूचं छप्पर गेलं, मेहुण्याचं घर पूर्ण जळलं. माणसं वाचली. मी विचारलं, आता थांबलंय ना? तो म्हणाला, "दीदी, आवाज़ रुकी है." आणि मका अजून बाहेरच आहे, आत भरत नाही, असं म्हणाला.

मला तेव्हापासून शस्त्रसंधी म्हटलं की तो बाहेर पडलेला मका दिसतो. पंतप्रधान 12 मेला बोलले, त्यात कारवाई फक्त स्थगित केली आहे, असा शब्द होता. सरकारचं धोरण काय असावं यात मला पडायचं नाही. तो शब्द मात्र मला ओळखीचा आहे. स्थगित म्हणजे तारीख पुढे गेली, खटला आहेच. अशा काळात मेलेल्यांचं काय करायचं, हे कुणालाच नीट सुचत नाही. एकीकडे म्हणतात, आता नको, जखम ओली आहे, रडून शत्रूला आनंद देऊ नका. दुसरीकडे रोज त्यांची नावं घेऊन विचारतात की सूड पुरा झाला का. आणि मधेच 14 सप्टेंबरला दुबईत भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना होतो, गेलेल्यांच्या काही घरांनी नको म्हणून सांगितलेलं असताना. हस्तांदोलन होत नाही आणि पहलगामच्या कुटुंबांसोबत आहोत असं म्हणून विजय सैन्याला अर्पण होतो. आमचा सूर्यकुमार मनापासून बोलला असेल, मला त्याच्याबद्दल शंका नाही. पण तो सामना बघताना मला त्या भाजीवालीची आठवण आली. तिने फक्त नाव विचारलं होतं.

मला वाटतं, आपल्याकडे छोट्या जाहिरातीत जी ओळ असते, तेवढीच आधी करायला हवी. नाव, वय, मागे कोण. मुलगी, सून, दोन नातवंडं. कामाला कुठे होते, भजनाला जात होते का, भावंडांत कितवे. एप्रिलमध्ये गेलेल्यांचं, पूंछच्या जुळ्यांचं, त्या शिक्षकांचं, घोडेवाल्याचं. एकाच टायपात, एकाच आकारात. माझ्या टेबलावर आली तर मी त्यांतली प्रत्येक तीनदा वाचेन.

*

काल पान वाढून झाल्यावर आईने गॅलरीच्या कठड्यावर घास ठेवला. मग आत येऊन परातीतल्या वड्यांतले दोन उचलले, छोट्या वाटीत खीर घेतली आणि मामाच्या घासाच्या शेजारी आणखी एक घास ठेवला.

मी विचारलं, "हा कुणाचा?"

"त्या जुळ्या पोरांचा. पूंछच्या."

मी म्हटलं, आई, ती मुसलमानांची पोरं, त्यांच्यात असं नसतं. आणि आपल्यात तरी वर्ष झाल्याशिवाय म्हाळ कुठे घालतात?

"म्हाळ न्हाई," ती म्हणाली. "तुझा मामा एकटाच जेवतोय चौपन्न वर्षं. पोरं आस्ली की जेवन जातं." आणि मग जुळ्यांच्या घासातला खर्डा तिने बोटाने काढून मामाच्या घासाकडे सरकवला. लहान पोरांना तिखट सोसायचं नाही.

मी घड्याळ पाहिलं, दीड वाजला होता. मला तीनपर्यंत कामावर पोचायचं होतं. पावसाची भुरभुर होती. पुलावरून जाताना मुठेला गढूळ पाणी होतं आणि लॉन्सची सगळी फाटकं बंद, पितृपक्षात लग्नं नसतात.

आज सर्वपित्री. रात्रीचे दहा वाजलेत, दुबईत पुन्हा तोच सामना चालू आहे आणि समोरच्या इमारतीतून आरडाओरडा ऐकू येतोय. मघाशी आठ वाजता शालवाल्याला फोन लावला, आईनेच लावायला लावला. बर्फ पडायच्या आत छप्पर झालं का, एवढंच तिला विचारायचं होतं. तो म्हणाला, पत्रे आले, माताजी, 22 पत्रे. पोरं झोपतात ती खोली झाकली. दुसऱ्या खोलीचे पत्रे भिंतीला टेकवून ठेवलेत.

"लावत का नाहीस?" आईने विचारलं.

त्याने काही तरी सांगितलं, ते आईला नीट ऐकू आलं नाही. तिने फोन माझ्याकडे दिला. तो पुन्हा म्हणाला, "दीदी, खिळे ठोकले की पत्रा पुन्हा काढता येत नाही, वाकतो. थोडं बघतो."

आईला मी सांगितलं, दिवाळीनंतर येणार आहे तो, तेव्हा विचार.